सहा एकोणतीस ते नऊ

नारायण पेठेतल्या आमच्या जुन्या वाड्याच्या जिन्यात एक रेघ होती. आजोबांनी खिळ्यानं चुन्याच्या भिंतीत कोरलेली, आडवी, हातभर लांब, आणि तिच्याखाली तारीख: १२-७-६१. वाडा पाडून तिथं इमारत उभी राहिली त्यालाही आता वीसेक वर्षं झाली. रेघ गेली. पण आईला विचारलं की तिचा हात अजून बरोबर त्या उंचीला जातो, डोक्याच्या वर वीतभर. ‘इथपर्यंत होतं पाणी,’ म्हणते.

जुन्या पुणेकराला त्या तारखेचा अर्थ सांगावा लागत नाही. त्या सकाळी पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यानं पुढं खडकवासलाही फुटलं आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. आई तेव्हा तेरा वर्षांची. बोळातून कुणीतरी सायकलवरून ओरडत गेला, ‘धरण फुटलं, पाणी येतंय!’ वाड्यातल्या बायकांनी पोरांना माडीवर घेतलं आणि निम्मे पुरुष पूर बघायला नदीकडे गेले. माझा मामाही गेला. आजी त्याच्यामागे धावली आणि लकडी पुलाच्या अलीकडून त्याला बखोटीला धरून घेऊन आली. दोघं जिना चढले तेव्हा अंगणात पाणी आलं होतं. समोरच्या वाड्यातल्या एक काकू शिवणाचं मशीन काढायला परत खाली उतरल्या. त्या पुन्हा कुणाला दिसल्या नाहीत.

हे सगळं मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय, की आपण तिथं होतो असंच वाटतं. आमच्या घरात काळ मोजायचं मापच होतं ते. अमक्याचं लग्न पानशेतच्या आधी, तमकीचा जन्म पानशेतनंतरचा, हा गडवा पानशेतातून वाचलेला. गावाचं नाव मागं पडून त्याचा एक शब्द झाला होता, आणि त्या एका शब्दात सगळी ताकीद भरलेली होती. नदीचा आवाज बदलला की बघायला जायचं नाही. वर जायचं. खाली काही राहिलं असेल तर राहू द्यायचं.

मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. २६ डिसेंबर २००४ ला रविवार होता. कपाटं आवरायला काढली होती, टीव्ही नुसताच चालू होता, आणि बातम्यांत खाली पट्टी फिरायला लागली. सुमात्राजवळ मोठा भूकंप, तमिळनाडूच्या किनाऱ्यावर समुद्र आत घुसला. आधी शंभर, मग पाचशे, मग हजार. दुपारी जेवायला बसलो तेव्हा आकडे थांबत नव्हते. त्सुनामी हा शब्द मला पुस्तकातल्या दोन ओळींपुरता माहीत होता. ‘बंदरातली लाट’ असा त्या जपानी शब्दाचा अर्थ, भूकंपामुळे निर्माण होते, इतकंच. मी तो दरवर्षी फळ्यावर लिहायचे आणि पुसायचे.

त्याच आठवड्यात आठवीच्या वर्गात नकाशा लावला. सुमात्रा, अंदमान-निकोबार, नागपट्टणम, श्रीलंका. मुलं गप्प होती. मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी तोंड न उघडणारी, उभी राहिली. ‘बाई, भूकंप आपल्या सहा एकोणतीसला झाला ना? आणि नागपट्टणमला पाणी नऊच्या सुमाराला आलं. मग मधे त्यांना कुणी सांगितलं का नाही?’

मी जे माहीत होतं ते सांगितलं. पॅसिफिक महासागरासाठी हवाईत इशारा केंद्र आहे, हिंदी महासागरासाठी तेव्हा असं काहीच नव्हतं. हवाईतल्या शास्त्रज्ञांच्या यंत्रांवर भूकंप दिसला, पहिला अंदाज ८.० चा निघाला, खरा पुढं ९.१ चा ठरला. आणि दिसलं तरी फोन करायचा कुणाला, हे ठरलेलं नव्हतं. मुलगी खाली बसली. तिला पुरं उत्तर मिळालं नव्हतं हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि मलाही ते दिलेलं पुरं वाटलं नव्हतं.

तो भूकंप कसा झाला हे समजून घ्यायला मी पुढं बरंच वाचलं. वाड्याच्या दारावरून ते मला नीट कळलं. आमचं दिंडीचं सागवानी दार पावसाळ्यात फुगून चौकटीत बसायचं. ढकलत राहायचं, ते हलायचं नाही, पण जोर मात्र आत साठत असायचा. मग एकदम धाड्कन उघडायचं आणि ढकलणारा अंगणात जाऊन पडायचा. समुद्राच्या तळाशी सुमात्रापासून अंदमानापर्यंत असंच एक बसलेलं दार आहे. एक भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा अवाढव्य तुकडा, दुसऱ्याच्या खाली सरकतोय, साधारण आपली नखं वाढतात त्या वेगानं, वर्षाला काही सेंटीमीटर. खोल गेल्यावर तो सुरळीत घसरतो, पण वरच्या थरात दोन्ही खडक एकमेकांत रुतलेले असतात. खालचा जाताना वरच्याची कडही आपल्याबरोबर खाली ओढतो. वर्गात मी टेबलाच्या कडेला स्टीलची फूटपट्टी धरून वाकवून दाखवायचे. कड दबत जाते, मागचा भाग जरासा फुगतो. शेकडो वर्षं. आणि मग बोट सुटतं.

हा खाली जाणारा भूपट्ट परका नाही, हे मला खूप उशिरा उमगलं. पुणं, सह्याद्री, दख्खनचा सगळा काळा कातळ ज्याच्यावर आहे तोच भारतीय भूपट्ट पूर्वेला तिथं जाऊन समुद्राखाली बुडतो. उत्तरेला हिमालय रेटणाराही तोच.

त्या सकाळी फाटलेली भेग सुमारे १३०० किलोमीटर लांब होती. पुण्याहून सरळ रेघ ओढली तर दिल्लीच्या पुढे जाईल एवढी. ती एका क्षणात फाटली नाही. दक्षिणेकडून उत्तरेकडे फाटत जायला आठ-दहा मिनिटं लागली. काही ठिकाणी खडक १५ मीटरहून जास्त सरकला. किल्लारीचा भूकंप ६.२ चा होता, हा ९.१ चा. कागदावर तीनाच्या आतला फरक, पण ऊर्जेचं गणित केलं तर वीस हजार पटींच्या घरात जातो. (किल्लारीत मात्र जवळजवळ दहा हजार माणसं गेली. गणपती विसर्जनाची रात्र, दगडमातीची घरं, गाढ झोप. माणसं किती मरतील हे रिश्टरचा आकडा एकटा ठरवत नाही, हे महाराष्ट्रात तरी वेगळं सांगायला नको.)

समुद्राचा तळ एवढ्या मोठ्या पट्ट्यात मीटर-दोन मीटर उचलला गेला की वरचं अख्खं पाणी उचललं जातं. चार हजार मीटर खोल समुद्रात ती लाट ताशी सातशे किलोमीटरनं जाते, विमानासारखी, आणि उंची असते जेमतेम हात-दीड हात. त्या दिवशी एक उपग्रह योगायोगानं वरून गेला, त्यानं मोजली ती खुल्या समुद्रात साठ सेंटीमीटरच्या आसपास भरली. होडीत बसलेल्याला कळणारही नाही. किनाऱ्याजवळ पाणी उथळ झालं की वेग मरतो आणि उंची वाढते. जपानच्या सानरिकू किनाऱ्यावर १८९६ साली असंच झालं. धक्का किरकोळ होता, कुणी मनावर घेतला नाही. रात्री समुद्रात गेलेल्या कोळ्यांना काही जाणवलं नाही, आणि परत येतात तो बंदरात गाव नाही. २२ हजार माणसं.

नागपट्टणमला याच गोष्टीची दुसरी बाजू दिसते. सकाळी नऊची वेळ म्हणजे होड्या परतायची. पुरुष समुद्रात, त्यांच्या पायाखालून लाट निघून गेलेली. बायका किनाऱ्यावर टोपल्या घेऊन मासळी उतरवून घ्यायला थांबलेल्या, पोरं त्यांच्या आजूबाजूला वाळूत. रविवार, शाळेला सुट्टी. तमिळनाडूतल्या आणि सुमात्रातल्या कितीतरी गावांत पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या, आणि लेकरं तर फारच. साडीत पाय अडकतो. कडेवर एक मूल असतं, दुसऱ्याचा हात धरलेला असतो. एकट्या नागपट्टणम जिल्ह्यात सहा हजारांवर माणसं गेली. देशात दहा हजारांवर मृत, पाच हजारांवर बेपत्ता. १४ देश मिळून सुमारे २ लाख २७ हजार. निकोबारच्या टोकाला, इंदिरा पॉइंटला, जमीनच चार मीटरहून जास्त खचली. पूर्वी कोरड्या जमिनीवर असलेला दीपस्तंभ आता पाण्यात उभा आहे.

मी त्या मुलीच्या प्रश्नाकडे परत परत येते. सहा एकोणतीस ते नऊ. सुमात्राहून पुणं सुमारे तीन हजार किलोमीटर. भूकंपाच्या पहिल्या लहरींना एवढं अंतर कापायला पाच-सहा मिनिटं पुरतात. पुण्यात हवामान खात्याची भूकंपमापन वेधशाळा आहे. साठच्या दशकात जगभर एकसारखी यंत्रं बसवून जे जाळं विणलं गेलं, त्यात पुणंही होतं. म्हणजे सात वाजायच्या आत, डिसेंबरच्या थंडीत दूधवाल्याची सायकल बोळात शिरत असताना, ती हालचाल आपल्या पेठांच्या खालून जाऊन चुकली होती. त्या भूकंपानं पृथ्वीवर सगळीकडे जमीन निदान सेंटीमीटरभर हलली, फक्त इतकी सावकाश की कुणाला जाणवू नये. हवामान खात्याच्या त्या शिमला ऑफिसच्या चौकातून रिक्षानं जाताना मला हे नेहमी आठवतं. जमिनीनं दोन-अडीच तास आधी सांगितलं होतं. चेन्नईत तर धक्का लोकांना प्रत्यक्ष जाणवलाही होता. पण त्या हादऱ्याला लागून पुढचा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता.

एका बेटावर तो होता. सिमेलुए, सुमात्राच्या पश्चिमेला, भूकंपकेंद्राच्या अगदी जवळ. तिथं दोन-अडीच तास नव्हतेच, जेमतेम दहा मिनिटं. कुठलंही केंद्र, कुठलाही भोंगा एवढ्या वेळात पोचला नसता. पण १९०७ साली त्या बेटानं अशीच लाट पाहिली होती, माणसं झाडांत अडकलेली पाहिली होती, आणि तेव्हापासून तिथल्या आज्या अंगाईत, गोष्टीत, गाण्यात एक शब्द पोरांच्या कानांवर घालत आल्या: स्मोंग. जमीन जोरात हलली आणि समुद्र मागं सरला की स्मोंग येणार, डोंगराकडे पळा. २००४ च्या त्या सकाळी हलणं थांबायच्या आत कुणीतरी ‘स्मोंग!’ ओरडलं आणि अख्खी गावं टेकड्यांवर गेली. सत्तर हजारांवर वस्ती. मेले सात.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वही मिटून बसले होते. सत्त्याण्णव वर्षं तो शब्द टिकला. त्यातली शेवटची कितीतरी वर्षं, ज्यांनी लाट पाहिली होती ते बहुतेक सगळे मरून गेल्यावरही.

आणि थायलंडच्या माई खाओ किनाऱ्यावर टिली स्मिथ नावाची दहा वर्षांची इंग्लंडची मुलगी होती. तिला शाळेत भूगोलाच्या तासाला दोन आठवड्यांपूर्वी हेच शिकवलं होतं. समुद्राला फेस येतोय, पाणी विचित्र वागतंय हे बघून ती आई-वडिलांच्या मागे लागली, आणि तो किनारा रिकामा झाला. भूगोलाच्या बाईला याहून जास्त काय सांगायचं असतं?

तरी मी हे सगळं सोपं आहे असं म्हणणार नाही. ११ मार्च २०११ ला जपानात भिंती होत्या, भोंगे होते, कवायती होत्या, १८ हजारांवर माणसं तरीही गेली. पहिला इशारा आला त्यात लाटेची उंची बरीच कमी सांगितली होती, नंतर ती वाढवत नेली. इशिनोमाकीजवळच्या ओकावा प्राथमिक शाळेतली मुलं भूकंपानंतर मैदानात ओळीनं उभी होती. हजेरी झाली. कुठं जायचं यावर मोठी माणसं बोलत राहिली. शाळेच्या मागंच टेकडी होती, मुलं तिथं नेहमी जायची. जवळजवळ पन्नास मिनिटं गेली. ७४ मुलं आणि १० शिक्षक. त्याच किनाऱ्यावर कामाइशीत मोठी मुलं धावत सुटली, वाटेत धाकट्यांचे हात धरले, पहिली जागा पुरेशी उंच वाटेना तशी आणखी वर गेली. त्या भागात एक जुनी म्हण आहे, ‘तेंदेंको’, म्हणजे ज्यानं त्यानं आपापलं पळावं, आईसाठीसुद्धा थांबू नये. ऐकायला निष्ठुर वाटते. पण आपली आईही पळालेली असणार हा भरवसा असल्याशिवाय तशी म्हण निघतच नाही.

मी मुलांना ओळीत उभं करण्यात आयुष्य घालवलेली बाई आहे. ओकावाच्या मैदानाचा फोटो मी एकदाच पाहिला. त्यानंतर हजेरी घेताना मला तो चुकवता आला नाही.

त्याच्याही आधीपासून, २००६ पासून निवृत्त होईपर्यंत, दरवर्षी नववीची सहल मी दापोली-हर्णैला नेली. कारण सांगितलं किल्ला, मासळीचा लिलाव, किनारी भूरूपं. तेही दाखवलंच. पण वाळूत उतरल्यावर आधी सगळ्यांना बसवायचं आणि सांगायचं. कोकणाला सुमात्राचा धोका थेट नाही. पण पश्चिमेला पाकिस्तान-इराणकडचा मकरानचा किनारा आहे, तिथंही एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे तिथं ८.१ चा भूकंप झाला, किनाऱ्यावरची गावं उद्ध्वस्त झाली, आणि काही तासांनी लाट मुंबईपर्यंत आली. मुंबईतही माणसं वाहून गेली. किती जणांच्या आजोबांनी हे सांगितलंय? कुणाच्याच नाही.

मग तीन गोष्टी म्हणून घ्यायच्या. किनाऱ्यावर जमीन जोरात किंवा बराच वेळ हलली, समुद्र अवेळी मागं सरला, किंवा न ऐकलेला मोठा आवाज आला, तर तिन्हींची वाट बघायची नाही, एक पुरे. आणि पाणी दरवेळी आधी मागं जातंच असं नाही. थायलंडला गेलं, आपल्या पूर्व किनाऱ्यावर लाटच आधी आली. पहिल्या लाटेनंतर खाली यायचं नाही, कारण पुढची मोठी असू शकते. वर जायचं आणि वरच थांबायचं, दोन-चार तास तरी. बाईंना विचारायला थांबायचं नाही. हे शेवटचं मी मुद्दाम दोनदा म्हणून घ्यायचे.

एका वर्षी जाळं दुरुस्त करत बसलेले एक म्हातारे कोळी हे सगळं ऐकत होते. मुलं पांगल्यावर मी त्यांच्याजवळ बसले. पाण्याचे केवढे शब्द त्यांच्याकडे! भरती, ओहोटी, उधाण, भांग. कुठल्या तिथीला पाणी कुठल्या दगडापर्यंत येईल ते बोटावर. मी विचारलं, ‘आणि पाणी अवेळी, एकदम, लांबवर मागं गेलं तर त्याला काय म्हणता?’ त्यांच्या हातातली सुई थांबली. ‘तसं जात नाय बाई पाणी,’ ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, ‘आन गेलंच, तर पोरं मासळी वेचायला धावतील.’

मी काही बोलले नाही. २००४ ला लोक नेमके तेच करत होते. उघड्या पडलेल्या तळावर मासे तडफडत होते आणि लोक ते बघायला, वेचायला खाली उतरले होते. पूर बघायला लकडी पुलाकडे निघालेला माझा मामाही तोच होता.

आता हैदराबादला आपलं त्सुनामी इशारा केंद्र आहे, २००७ पासून. समुद्राच्या तळाशी पाण्याचा दाब मोजणारी यंत्रं आहेत, भूकंप झाल्यावर काही मिनिटांत इशारा निघतो. त्या मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर ते आहे, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. नागपट्टणमला ते उपयोगी पडेल. निकोबारला, जिथं पाणी काही मिनिटांत येतं, तिथं पहिला इशारा जमिनीचाच.

आई आता कोथरूडला माझ्याकडे असते, चौथ्या मजल्यावर. पावसाळ्यात ‘खडकवासल्यातून विसर्ग वाढवला’ असे मेसेज यायला लागले की ती दर तासाला क्यूसेकचा आकडा विचारते. २०२४ च्या जुलैत सिंहगड रस्त्याला एकतानगरीत पाणी शिरलं, त्या रात्री ती झोपली नाही. भिडे पूल पाण्याखाली गेल्यावर मोबाइल उंच धरून उभ्या असलेल्या पोरांना टीव्हीवर बघून अजून तिचा जीव वरखाली होतो. तिची कागदपत्रांची ट्रंक माळ्यावर असते, चौथ्या मजल्यावरसुद्धा. आम्ही ती खाली काढायला कधी सांगत नाही.

गेल्या डिसेंबरात माझी नात अंदमानला निघाली होती, सात वर्षांची. आदल्या संध्याकाळी आईनं तिला जवळ बसवलं. मला वाटलं पानशेत सांगणार. पण तिनं माझा हर्णैचा पाठच घेतला, तिला तो कधी पाठ झाला कुणास ठाऊक.

‘जमीन हलली तर?’

‘वर.’

‘पाणी मागं गेलं तर?’

‘वर. कुण्णाला विचारायचं नाही.’ नात जरा थांबली. ‘पणजी, पण माझ्या चपला वाळूत काढलेल्या असल्या तर?’

आईनं तिचे दोन्ही हात धरले.

‘राहू देत चपला,’ ती म्हणाली. ‘राहू देत.’